यिर्गाचेफ की हरार?

दोन्ही इथिओपियाच्या डोंगरातल्या कॉफी, दोन्ही अरेबिका जातीच्या, तरी चव दोन टोकांची. दक्षिणेकडच्या यिर्गाचेफचे मळे साधारण १,७०० ते २,२०० मीटरवर. गारव्यात फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट भरतो. तिथली ओळख धुतलेल्या कॉफीची: साल काढून दाणे टाकीत दीड-दोन दिवस आंबवायचे, बुळबुळीत गर धुऊन टाकायचा, मग उंच मांडवावर वाळवायचे. कपात लिंबू आणि मोगरा.

पूर्वेच्या हरारला पाणी कमी, म्हणून फळं सालीसकटच उन्हात. चवीला ब्लूबेरीची आंबटगोडी येते. पण वाळताना ती वेळेवर हलवली नाहीत तर बुरशी धरते. दाणेही एकसारखे नसतात.

रोजच्या काळ्या कॉफीला मी यिर्गाचेफच घेईन. हरारची पिशवी फोडली की मात्र घरभर जो वास सुटतो, तो काही औरच.