चिनी मातीच्या पॅनलवर अल्कोहोल मार्करनी पाळीव प्राण्यांची चित्रं: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने क्लेबोर्ड हे पॅनल फक्त अल्कोहोल मार्करसाठी वापरलं आहे, आणि विषय एकच: पाळीव कुत्री-मांजरं. केसाळ जनावरासाठी मार्करला याहून चांगली जागा मिळणं कठीण. कागदावर प्रत्येक पांढरा केस आधीच राखून ठेवावा लागतो, एकदा रंग गेला की गेला. इथे रंग भरून झाल्यावरही पात्याने खरवडून खालचा पांढरा थर वर काढता येतो. मार्कर पेपरवरची लोण्यासारखी मऊ छटा मात्र इथे मिळणार नाही. मोठ्या, सपाट, गुळगुळीत छटा हव्या असतील तर कागदच वापरा.

पॅनल म्हणजे साधारण ३ मिमी जाडीचा हार्डबोर्ड आणि त्यावर चिनी मातीचा अगदी गुळगुळीत, शोषक थर. अँपरसँड या अमेरिकी कंपनीच्या एकाच मालिकेत जवळजवळ सारख्या नावांची पॅनलं असल्याने ऑर्डर करताना गल्लत होते. गेसोबोर्डवर अ‍ॅक्रिलिक गेसो (रंगाखाली देतात तो पांढरा अस्तर-थर) असतो. त्यात शाई मुरत नाही, वरच राहते आणि बोटाला लागते. अ‍ॅक्वाबोर्ड मातीचाच, पण खरखरीत आणि जलरंगासाठी केलेला. मार्करची ब्रश निब (ब्रशसारखं लवचिक टोक) त्यावर लवकर फाटते. स्क्रॅचबोर्डवर आधीच काळी शाई चढवलेली असते. आपल्या कामाला गुळगुळीत क्लेबोर्डच हवा. सुरुवातीला ५ × ७ इंच पुरे, एका चेहऱ्याला ८ × १० इंच उत्तम. त्याहून मोठा घ्यायचा तर मागे लाकडी चौकट असलेला घ्यावा, कारण कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत मोठा सपाट हार्डबोर्ड वाकू शकतो. कोरी पॅनलं उभी टेकवून न ठेवता आडवी रचून ठेवावीत.

रेखाटन थेट पॅनलवर करू नये. खोडताना पृष्ठभाग घासला जातो आणि घासलेल्या जागी शाई वेगळी बसते. कागदावर चित्र पक्कं करून ग्राफाइट पेपरने (कार्बन पेपरसारखा, पण पेन्सिलीच्या शिशाचा) उतरवायचं आणि मळून वापरायच्या खोडरबराने रेष जेमतेम दिसेल इतकी उचलायची. ग्राफाइट जास्त राहिलं तर अल्कोहोल ते ओढून नेतं, फिकट रंग राखाडी होतो आणि निबही मळते. हाताखाली नेहमी कागद ठेवावा. बोटाचं तेल लागलेल्या जागी शाई नीट मुरत नाही, आणि तो डाग रंग भरल्यावरच दिसतो.

माती शाई लगेच ओढून घेते, त्यामुळे कडा कागदापेक्षा फार लवकर पक्क्या होतात. दोन रंग ओले असताना मिसळायला वेळच मिळत नाही. मिसळायचं असेल तर फिकट मार्करचा हात आधी, त्यावर गडद, आणि लगेच पुन्हा फिकट, असं नाण्याएवढ्या भागात करावं. बिनरंगी ब्लेंडर (रंग नसलेला, नुसत्या द्रावकाचा मार्कर) रंग मिसळत नाही, बाजूला ढकलतो, आणि कडेला गडद वलय सोडतो. तो जवळजवळ वापरूच नये.

गावठी कुत्र्याच्या बदामी-तपकिरी अंगासाठी कॉपिक या अल्कोहोल मार्करच्या मातकट गटातले ई-४२, ई-३३, ई-३५ आणि ई-३७ पुरतात. सावलीला उबदार राखाडी डब्ल्यू-३ आणि डब्ल्यू-५, कानाच्या आतल्या भागाला आर-२०. कॉपिकच्या क्रमांकात अक्षर रंगाचं कुटुंब सांगतं आणि शेवटचा अंक छटेची गडदता: ० सर्वांत फिकट, ९ सर्वांत गडद. दुसऱ्या कंपनीचे स्वस्त मार्कर असले तरी अशाच चार पायऱ्यांची साखळी जमवली की काम होतं. ई-४२ चा सपाट हात, मग ई-३३ ने केसांच्या दिशेने छोटे फटकारे, खोलगट भागात ई-३५, आणि ई-३७ फक्त कानामागे, जबड्याखाली नि डोळ्याच्या कोपऱ्यात. नाकावरचे केस २-३ मिमीचेच आणि नाकाकडून कपाळाकडे जाणारे, गालावर लांब, मानेवर त्याहून लांब. दिशा चुकली तर रंग कितीही बरोबर असला तरी ओळखीचा चेहरा दिसत नाही.

एका जागी तीन थरांच्या वर जाऊ नये. शाई मातीत खोल उतरते, आणि मग खरवडल्यावर पांढरा केस न निघता पिवळट-तपकिरी रेघ निघते. खालच्या थरात आणखी खोल गेलं तर थेट हार्डबोर्ड दिसतो, आणि तो खड्डा भरून येत नाही. या पॅनलवरचं मार्करचं काम म्हणूनच हलक्या हाताचं.

खरवडण्याआधी शाई पूर्ण सुकू द्यावी. ११ नंबरचं टोकदार पातं कटरच्या दांड्यात बसवून, पेन्सिलीसारखं धरून, दाब न देता ओढायचं. केसाची सुरुवात हलकी, मध्ये किंचित दाब आणि शेवटी पातं उचलतच बाहेर. मिशीचा केस एका दमात निघतो, मध्ये थांबलात तर गाठ दिसते. मऊ पोटासाठी किंवा मांजराच्या छातीसाठी फायबरग्लासची खोडणी चांगली, पण तिचे तुकडे बोटात रुततात, म्हणून हातमोजे हवेत. पातं बोथट झालं की माती कापली न जाता पापुद्रे सुटतात. एका चेहऱ्यात पातं एकदा तरी बदलावंच. निघालेली पूड फुंकू नये. मास्क लावून रुंद मऊ ब्रशने खाली झाडावी. ती पृष्ठभागावर राहिली आणि वर मार्कर चालवला तर निबमध्ये भरते आणि शाई येणं बंद होतं.

खरवडलेली रेघ पांढरीशुभ्र असते, पण खऱ्या जनावराचा केस इतका पांढरा क्वचितच असतो. म्हणून तिच्यावर पुन्हा रंग द्यायचा. खरवडलेली माती जास्त शोषते, तेव्हा हवी त्याहून दोन पायऱ्या फिकट छटा घ्या: ई-३३ दिसायला हवा तर ई-३१. हात एकदाच फिरवायचा. पुन्हापुन्हा फिरवला तर अल्कोहोल शेजारचा गडद रंग विरघळवून पांढऱ्या चरीत आणतं आणि सगळी मेहनत गढूळ होते.

काळ्या कुत्र्याला १०० नंबरच्या काळ्याने भरू नका. आधी थंड राखाडी सी-३ आणि राखाडी-जांभळट बीव्ही-२३ चा थर, मग सी-७, आणि काळा फक्त सर्वांत खोल सावलीत. काळ्या अंगावरची उघड्या आकाशाखालची चमक निळसर असते, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी. संदर्भाचा फोटो कुठल्या उजेडात काढलाय हे पाहूनच खरवडलेल्या रेघांचा रंग ठरवावा. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका मात्र कोराच ठेवावा. बुबुळ वरून गडद, खाली उजळ. बाहुलीला रंगद्रव्याच्या शाईचं बारीक पेन वापरलं तर शेजारी मार्कर चालवला तरी ती पसरत नाही, अर्थात पेनची शाई आधी पूर्ण सुकलेली हवी.

निबचा खर्च धरून चाला. चिनी माती मऊ वाटली तरी ब्रश निब झिजवते, टोक आधी पसरतं आणि मग बारीक रेघच निघत नाही. जुनी निब पॅनलसाठी आणि नवी कागदासाठी, ही वाटणी सोयीची. बदलता येणाऱ्या निबचेच मार्कर घ्यावेत.

सर्वांत मोठी मर्यादा पॅनलची नाही, शाईची आहे. अल्कोहोल मार्करमध्ये विरघळणारी रंजकं असतात आणि ती उजेडात उडतात. चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नये. अतिनील किरण अडवणारं वार्निश फिकटणं फक्त लांबवतं. फवारणीचं वार्निशही सावधपणे निवडावं. द्रावक तीव्र असेल किंवा पहिला हात ओला पडला तर गडद रंग खरवडलेल्या रेघांत पसरतात. आधी टाकाऊ पॅनलवर तपासा, साधारण ३० सेंमीवरून अगदी पातळ हात द्या, प्रत्येक सुकू द्या. दमट दिवशी फवारल्यास वार्निशवर पांढुरकी छटा येते, तेव्हा हे काम कोरड्या हवेतच. ब्रशने वार्निश लावू नका.

कोणी पैसे देऊन आपल्या जनावराचं चित्र करवून घेत असेल तर रंग उडण्याची गोष्ट काम घेतानाच सांगावी आणि मूळ चित्रासोबत स्कॅनही द्यावा. सपाट पॅनल साध्या स्कॅनरच्या काचेवर आरामात बसतं. स्कॅन वार्निशच्या आधी करावा, नंतर चमक येते. ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) खरवडलेले बारीक केसही स्पष्ट दिसतात. काचेवर ठेवण्यापूर्वी उरलेली पूड ब्रशने नीट झाडून घ्यावी, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात.