प्रोसेसर एक पायरी खाली, मदरबोर्ड एक पायरी वर: साडेनऊ महिन्यांनंतर

माझा जुना कॉम्प्युटर गेल्या वर्षी ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात बंद पडला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री ४१३० प्रोसेसर आणि एच८१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे जोड सांभाळणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, दहा वर्षं झालेली जोडी. आधी बोर्डावरचा रॅमचा एक स्लॉट गेला, मग मागचे दोन यूएसबी गेले, आणि सप्टेंबरात, पानं प्रेसला द्यायच्या आठवड्यात, मशीन चालूच होईना. दुरुस्तीवाल्या दादांनी प्रोसेसर काढून त्यांच्याकडच्या दुसऱ्या बोर्डावर लावून दाखवला. तो ठणठणीत होता. पण त्या सॉकेटचा, म्हणजे तो प्रोसेसर बसेल अशा खाचेचा, नवा बोर्ड कुठेच मिळेना. मिळत होते ते जुने, बिनानावाचे, महिनाभराच्या तोंडी गॅरंटीवर. उरलेला हंगाम मी भावाच्या लॅपटॉपवर, एका लहानशा स्क्रीनवर डोळे ताणून काढला.

म्हणून नवं मशीन घेताना सगळे विचारतात तो प्रश्न, ‘प्रोसेसर कोणता?’, मी दुसरा ठेवला. पहिला प्रश्न होता: बोर्ड कोणता घेतला तर पाच-सात वर्षं त्याच्यामुळे अडायचं नाही?

काम काय ते सांगते, कारण त्यावरच सगळं ठरलं. मी ठाण्याला मानपाड्याला राहते आणि घरून मराठी पुस्तकं-अंकांची पानं लावते, मुद्रितं तपासते. जुलै ते ऑक्टोबर श्वास घ्यायला फुरसत नसते. मुलगा अकरावीत आहे, त्याचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास याच मशीनवर. आणि सासऱ्यांकडे घरच्या लग्नकार्यांच्या व्हिडिओ कॅसेट आहेत, त्या खराब व्हायच्या आत संगणकात उतरवायच्या होत्या. मॉनिटर घरात होते. बाकीच्यासाठी बजेट पस्तीस हजार.

जानेवारीत एका शनिवारी मी आणि मुलगा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. (रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार.) ठाणे स्टेशनजवळच्या दोन दुकानांतही आधी भाव काढले होते. सगळीकडे कोटेशन जवळपास सारखंच हाती पडत होतं: आय-फाइव्ह १२४०० आणि त्याखाली एच६१० चा सगळ्यात स्वस्त बोर्ड. बेरीज १४,६०० अधिक ६,७००, म्हणजे २१,३००. मी मागितली ती जोडी वेगळी होती: आय-थ्री १२१०० आणि बी७६० चिपसेटचा, डीडीआर४ पिढीची रॅम घेणारा, रॅमच्या चार स्लॉटचा बोर्ड. १०,४०० अधिक १०,९००. बेरीज तीच, २१,३००. काउंटरवरच्या काकांनी मला दोनदा समजावलं, ‘ताई, बोर्डावर कशाला पैसे घालता, स्पीड प्रोसेसरने येतो.’ ते मनापासून सांगत होते आणि बहुतेक गिऱ्हाइकांना त्यांचं पटतही असणार.

पण हिशेब करून बघा. १२१०० ला चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), १२४०० ला सहा आणि बारा. पानं लावण्याच्या कामात भार बहुतेक एकाच कोअरवर पडतो, आणि तिथे एकाचा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.४. दोन्ही बाराव्या पिढीचे, कोअरची घडण तीच. माझ्या रोजच्या कामात तो फरक मला जाणवला नसता. बोर्डांतला फरक मात्र कागदावरच दिसत होता. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट, कारण त्या चिपसेटला एका चॅनेलवर (रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीवर) रॅमची एकच काडी चालते. प्रोसेसरकडून थेट येणारी एम.२ ची (एसएसडी बसते त्या जोडाची) वेगवान वाट त्यात बंद असते, एसएसडी चिपसेटच्या जुन्या जेन ३ (तिसऱ्या पिढीच्या) वाटेने जाते. त्या विशिष्ट बोर्डावर कॅबिनेटच्या पंख्यासाठी एकच जोड होता आणि मॉनिटरसाठी एचडीएमआय आणि व्हीजीए एवढंच. मी घेतलेल्या बोर्डावर चार स्लॉट, दोन एम.२, पंख्यांचे तीन जोड, आणि मागे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए तिन्ही.

एच६१० वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सोसायटीच्या ऑफिसात पावत्या आणि पत्रं करायला एक मशीन हवं असेल, त्यात पुढे कधी काही घालायचं नसेल, तर तोच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) घ्या.

एका अक्षरापासून सावध राहा. एका दुकानाने प्रोसेसर जवळपास दोन हजारांनी स्वस्त सांगितला. मुलाने कोटेशन नीट वाचलं तर तो १२१००एफ होता. ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये डिस्प्लेसाठीचं ग्राफिक्स चालत नाही, वेगळं कार्ड लागतंच. कार्डाशिवाय घरी आणला असता तर बोर्डावर कितीही पोर्ट असून मॉनिटर काळाच राहिला असता. तसंच प्रोसेसर ‘बॉक्स’ (कंपनीच्या खोक्यातला) की ‘ट्रे’ (सुटा) हेही विचारा. ट्रेमध्ये कूलर नसतो आणि बॉक्सबरोबर येणारी कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही मिळत नाही, जे काय ते दुकानदाराच्या शब्दावर. बिलावर जीएसटी नंबर आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घेतला. पुढे तो कामाला आला.

एएमडीचा रायझन ५ ५६००जी मी खूप दिवस मनात घोळवला. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतलं व्हेगा ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा कितीतरी ताकदीचं. कार्ड न घेता मुलांना थोडेफार गेम खेळायचे असतील तर तोच घ्यावा, फक्त रॅमची एकच काडी लावू नये. ते ग्राफिक्स रॅमवरच जगतं. एका काडीने ३२०० वेगाच्या रॅमचा सेकंदाला २५.६ जीबी एवढाच प्रवाह मिळतो, दोन काड्यांनी दुप्पट. मी तो सोडला याचं कारण व्हिडिओ. यूट्यूबवर आता एव्ही१ या प्रकारात दाबून लहान केलेले व्हिडिओ बरेच असतात. इंटेलच्या या पिढीतलं ग्राफिक्स ते स्वतः उलगडतं, ५६००जी मध्ये ती सोय नाही, सगळा भार कोअरवर येतो. आमच्याकडे दिवसभर कुणाचं ना कुणाचं लेक्चर नाहीतर कीर्तन चालू असतं.

बाकी खरेदी थोडक्यात: ८ जीबीच्या दोन काड्या ३,३००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,२००, ४५० वॅटचा एसएमपीएस ३,४००, जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट २,७००. एकूण ३३,९००.

जुळणी घरीच केली, जेवणाच्या टेबलावर. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही, आणि त्या केसासारख्या नाजूक. दुकानातच टोपी उघडून पिना सरळ आहेत हे बघितलं, फोटो काढला. ती काळी प्लास्टिकची टोपी अजून बोर्डाच्या खोक्यात आहे. बोर्ड कधी वॉरंटीत द्यायचा झाला तर ती लागेल. जुन्या मशीनचा कूलर वापरायचा विचार असेल तर सोडून द्या: एलजीए १७०० च्या, म्हणजे या सॉकेटच्या, कूलरची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत, आधीच्या सॉकेटांची ७५ वर. बरोबर आलेला कूलर पुरेसा आहे. त्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबाव्या लागतात, आणि खट्ट आवाज आला तरी बोर्ड उलटा करून चारही टोकं मागे बाहेर आलीत ना हे बघावं. आमची एक अर्धीच बसली होती.

पहिल्यांदा चालू झाल्यावर रॅम २६६६ वर दिसत होती. बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग लावणारी सोय, चालू केल्यावर ३२०० वर आली. हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि अनेक घरांत रॅम वर्षानुवर्षं कमी वेगाने चालत असणार.

आता वापराचं.

फेब्रुवारी ते मे मशीनबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि मला तेच हवं होतं. दोन मॉनिटर, एकावर उघडलेली जोडपानं, दुसऱ्यावर लेखकाची मूळ प्रत. इतकी वर्षं खिडक्या मागे-पुढे करत मुद्रितं तपासली, ते थांबलं. मे महिन्यात दुपारी खोलीचं तापमान ३४ असताना प्रोसेसर नुसता बसलेला असला की ४४-४५ अंश, पूर्ण भारावर ७२ च्या आसपास. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ च्या कामाची धूळ आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येते, त्यामुळे जाळीमागे दोन पंखे लावले आणि दर दोन महिन्यांनी जाळी धुते. पंख्यांचा वेग बायॉसमधून बांधून दिला. रात्री खोलीत आवाज येत नाही.

जूनमध्ये कामं सुरू झाली. अडीचशे पानांचा अंक, वरून जाहिरातींच्या मोठमोठ्या फाइली, बाजूला फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आणि मुलाचा ब्राउझर उघडाच. १६ जीबी भरून गेली, पान उलटताना मशीन थबकू लागलं. तशाच आणखी दोन काड्या आणल्या, रिकाम्या स्लॉटमध्ये घातल्या, ३२ जीबी. दहा मिनिटांचं काम. दोन स्लॉटचा बोर्ड असता तर आधीच्या काड्या काढून निम्म्या किमतीत विकाव्या लागल्या असत्या आणि १६ च्या दोन नव्या घ्याव्या लागल्या असत्या. बोर्डावर जास्त घातलेल्या ४,२०० रुपयांतले बरेचसे त्या दिवशीच परत आले.

ऑगस्टमध्ये एकदा पोटात गोळा आला. आठवडाभर पावसाची झड, भिंतींना ओल, आणि एका सकाळी मशीन चालू होतंय, पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळी. मागच्या वर्षीचा सप्टेंबर डोळ्यांसमोर उभा राहिला. या बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. मशीन जिथे अडेल तो दिवा पेटलेला राहतो. रॅमचा पेटला होता. वायर काढून, पाच मिनिटं थांबून चारही काड्या काढल्या. जुन्या काड्यांपैकी एकीच्या सोनेरी पट्टीवर मळकट थर होता. पेन्सिलच्या खोडरबराने हळूच पुसला, सुक्या ब्रशने कण झाडले, टक आवाज येईपर्यंत परत दाबल्या. चालू. वीस मिनिटांत मी पुन्हा कामावर होते. ते दिवे नसते तर मी एसएमपीएसपासून मॉनिटरच्या वायरीपर्यंत सगळं तपासत दुपार घालवली असती. बोर्ड निवडताना हे दिवे आहेत का, हे नक्की बघा. अगदी खालच्या बोर्डांवर ते सहसा नसतात.

बोर्डाची एक तक्रारही आहे. स्लीपमधून उठवलं की कधीकधी नेटवर्कची वायर जोडलेली असून इंटरनेट मिळायचं नाही, रीस्टार्ट करावं लागायचं. तीन महिने हे सोसलं. सर्व्हिस सेंटरने बिल आणि सिरियल नंबर मागितला, बोर्ड ठेवून घेऊ म्हणाले, तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. शेवटी मुलाने नवा बायॉस आणि नेटवर्कचा ड्रायव्हर घातला आणि त्रास गेला. बायॉस घालताना मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवर, पाऊस नसलेल्या दिवशी केलं.

प्रोसेसर कमी पडला तो एकाच ठिकाणी, आणि तिथे स्पष्ट कमी पडला. कॅसेटींचा व्हिडिओ नुसता दाबून, फाइल लहान करून ठेवायचा असेल तर ग्राफिक्समधली क्विक सिंकची सोय ते झरझर करते. पण जुन्या चित्रावरची मुंग्यांसारखी खरखर काढायची म्हटलं की सगळं कोअरवर येतं. कॅसेट जितक्या तासांची तितकाच वेळ, कधी त्याहून जास्त, आणि तोवर मशीनवर दुसरं काम करणं नकोसं. सासऱ्यांच्या सतरा कॅसेटींपैकी सहा झाल्यात. रात्री लावून ठेवते. तुमचं मुख्य काम व्हिडिओचं असेल तर माझी जोडी घेऊ नका, सहा कोअरच्या खाली येऊच नका. आणि बजेट याहून मोठं असेल तर एएमडीचं एएम५ सॉकेट बघा. डीडीआर५ रॅम घ्यावी लागते म्हणून सुरुवात महाग, पण २०२७ आणि पुढेही त्या सॉकेटला नवे प्रोसेसर देऊ असं कंपनीने जाहीर केलंय. माझं एलजीए १७०० चौदाव्या पिढीपाशी संपलं.

चौदा ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून इमारतीतले तिघे-चौघे मला विचारून गेले, जुन्या मशीनवर विंडोज ११ येत नाही, काय घ्यावं. प्रत्येकाला मी आधी विचारते: सध्याच्या मशीनमध्ये पहिलं काय बिघडलं होतं? दोघांनी यूएसबी पोर्ट सांगितले, एकीने रॅमचा स्लॉट. प्रोसेसर कुणीच नाही.

हंगाम परवा संपला. अकरा अंक गेले, एकही तारीख चुकली नाही. आता १२४०० चा भाव काढायला सांगितलंय. बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत तो आहेच, कूलरची पेस्ट बदलून अर्ध्या तासात बसेल. निघालेला १२१०० खालच्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्या नव्या बोर्डासाठी द्यायचं ठरलंय. आणि सासऱ्यांनी सातवी कॅसेट काढून ठेवली आहे, १९९४ सालची, नणंदेच्या बारशाची.