मुंबई–नागपूर: विमान की समृद्धी?

नकाशावर सरळ रेष ओढली तर अंतर साधारण ६८० किलोमीटर. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असतं. तिकिटावर दीड तास दिसतो, कारण धावपट्टीवरची रांगही त्यात धरलेली असते. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा वारा जोरात असतो, म्हणून नागपूरहून परत येताना थोडा जास्त वेळ लागतो. पण खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो, त्यात मुंबईची वाहतूक धरली की एकूण पाच तास.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. कारला कमाल १२० चा वेग. तरी थांबे धरून आठ-नऊ तास. शिवाय तो भिवंडीजवळच्या आमणेला संपतो, मुंबईत नव्हे! भिवंडी-ठाण्यात तास-दीड तास सहज जातो. उन्हाळ्यात घासलेले किंवा हवा कमी असलेले टायर तापून फुटतात. निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा तपासा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून दर दोन तासांनी उतरा.

एकटे असाल तर विमान. चौघं आणि भरपूर सामान असेल, तर गाडीच परवडते.