फिमो सॉफ्ट: भिंतीवरच्या फुलांसाठी पॉलिमर क्ले

जर्मनीच्या स्टेडलर कंपनीची 'फिमो सॉफ्ट' ही पॉलिमर क्ले ५७ ग्रॅमच्या वडीत मिळते आणि घरच्या ओव्हनमध्ये ११० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजली की पक्की होते. मूळ घटक पीव्हीसी हे प्लास्टिक असल्याने ती पाण्याच्या मातीसारखी हवेत वाळत नाही; त्यामुळे जास्वंदीच्या पाकळीची कडा बोटाने पातळ करत आणि तिच्या शिरा सुईने कोरत निवांत बसता येते. पांढऱ्या क्लेमध्ये किंचित पिवळी अर्धवट मळून घेतली, तर चाफ्याच्या गाभ्यातून बाहेर विरत जाणारी छटा रंग न लावताच साधते, आणि माझ्या मते हीच तिची खरी करामत आहे. कोणत्याही मऊ क्लेवर बोटांचे ठसे चटकन उमटतात, म्हणून हे काम ऐन मे महिन्यात न काढलेलेच बरे. मायक्रोवेव्ह अजिबात चालत नाही. तापमान फार वाढल्यास पीव्हीसी करपून घातक वायू सुटतो, तेव्हा ओव्हनच्या बटणावर विसंबून न राहता वेगळा थर्मामीटर आत ठेवावा. शाळकरी मातीच्या मानाने ही महाग पडते. मात्र मोठ्या फुलाचा गाभा अॅल्युमिनियम फॉइलच्या घट्ट गोळ्यावर घडवल्यास क्ले बरीच वाचते आणि फूल ज्या फळीवर बसवायचे तिच्यावर वजनही कमी येते.