महाकाय वनस्पतिभक्षी म्हणावे कोणाला? तीन व्याख्यांची तुलना

अभयारण्याच्या माहितीफलकाचा मजकूर किंवा पदव्युत्तर प्रकल्पाचे पहिले प्रकरण लिहिताना गव्याला ‘महाकाय वनस्पतिभक्षी’ म्हणायचे की नाही, हा प्रश्न हमखास अडवतो. त्याचे उत्तर आपण कोणती व्याख्या स्वीकारतो यावर ठरते. आज वापरात असलेल्या व्याख्या ढोबळमानाने तीन आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीत हत्ती बसतो. निवड करताना म्हणून हत्तीचा उपयोग नाही. गवा, जिराफ आणि काळा गेंडा यांच्यापाशी मात्र तिन्ही वाटा वेगळ्या होतात.

आधी शब्दाविषयी. मराठीत ‘तृणभक्षी’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो येथे तोकडा पडतो. हत्ती गवताबरोबर बांबू, साल आणि फळेही खातो, काळा गेंडा झुडपे ओरबाडतो आणि जिराफ तर बाभळीच्या जातीच्या झाडांची पाने खुडतो. ‘शाकाहारी’ म्हटले की ताटातले जेवण आठवते. म्हणून ‘वनस्पतिभक्षी’ हाच शब्द मला बरा वाटतो.

पहिली व्याख्या वजनाची आहे. दक्षिण आफ्रिकेतील परिस्थितिकीतज्ज्ञ नॉर्मन ओवेन-स्मिथ यांनी 1988 साली ती सविस्तर मांडली. पूर्ण वाढ झाल्यावर ज्यांचे वजन सामान्यतः 1000 किलोंच्या वर जाते, असे वनस्पतिभक्षी सस्तन प्राणी म्हणजे महाकाय वनस्पतिभक्षी. हा आकडा केवळ गोल म्हणून घेतलेला वाटेल, पण त्यामागे निरीक्षण आहे. एवढ्या आकाराच्या प्रौढ जनावराला वाघ-सिंहांपासून जवळजवळ अभय असते. त्यामुळे त्यांची संख्या शिकारी प्राण्यांमुळे आटोक्यात राहत नाही, ती चाऱ्याच्या उपलब्धतेवर आणि संथ प्रजननावर ठरते. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे 22 महिन्यांचा असतो, गेंड्याचा 15 ते 16 महिन्यांचा. शिवाय मोठ्या पोटामुळे निकृष्ट, चोथट चाऱ्यावरही त्यांचा निभाव लागतो.

हा शेवटचा मुद्दा जंगलात डोळ्यांनी पाहता येतो. हत्तीची लीद काठीने फोडली, तर बांबूच्या चिंध्या, सालीचे दोरखंडासारखे तंतू आणि हंगाम असेल तर फणसाची अख्खी आठळीही सापडते, कारण हत्ती चारा भराभर पुढे ढकलतो आणि त्यातला मोठा भाग न पचताच बाहेर टाकतो. गव्याचे शेण मऊ आणि बारीक असते. गवा रवंथ करतो, चारा पुरेसा बारीक झाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही आणि त्यासाठी त्याला तासन्‌तास बसावे लागते. (मोठे जनावर चारा भराभर पुढे ढकलते, या चित्रात पाणघोडा आणि जिराफ नीट बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे.)

वजनाच्या व्याख्येची खरी अडचण ‘सामान्यतः’ या शब्दात आहे. आफ्रिकी व आशियाई हत्ती, पांढरा गेंडा, भारतीय एकशिंगी गेंडा आणि पाणघोडा रेषेच्या निर्विवाद वर आहेत. काळा गेंडा साधारण 800 ते 1400 किलोंचा असल्यामुळे रेषेवर पाय टाकून उभा आहे. जिराफाचा नर हजारावर जातो, मादी बहुधा खाली राहते, आणि सिंह प्रौढ जिराफालाही पाडतात. गव्याचा नर बहुधा 600 ते 1000 किलो, क्वचित त्याहून जड. मादी बरीच हलकी. वाघ प्रौढ गवा मारतो. म्हणजे आकड्यात आणि आकड्यामागच्या कारणातही गवा बाहेर राहतो.

दुसरी व्याख्या अधिक उदार आहे. तिच्यात 100 किलो किंवा त्याहून जड असलेले सगळे ‘मोठे वनस्पतिभक्षी’ मोजले जातात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्याने हीच मर्यादा धरून 74 जाती मोजल्या आणि त्यांपैकी सुमारे 60 टक्के धोक्यात असल्याचे दाखवले. संवर्धनाचे चित्र उभे करायला ही मर्यादा सोयीची आहे, कारण सांबर, नीलगाय आणि रानम्हैस एकाच यादीत येतात. जीवाश्मांच्या अभ्यासात दिसणारी सुमारे 45 किलोंची मर्यादा मात्र मूळ शंभर पौंडांचे रूपांतर आहे. चितळाचा नर ती सहज ओलांडतो, मादी तिच्या आसपास घुटमळते. त्या आकड्यामागे एखाद्या प्राण्याचे जगणे शोधायला जाऊ नये.

तिसरी व्याख्या वजन बाजूला ठेवून कामाकडे पाहते. प्राणी झाडे पाडतो का, कुरणे राखतो का, मोठ्या बिया दूर नेतो का? दोडामार्ग भागात कर्नाटकातून आलेले हत्ती माड आडवा करतात, वरचा कोवळा कोंब काढून खातात आणि खोड तसेच टाकून जातात. बागायतदाराच्या दृष्टीने हे नुकसान आहे, पण वनात हीच कृती झाडांच्या शेंड्यांचे दाट छत्र मोकळे करते. नेपाळच्या चितवनमध्ये गेंडे ट्रेविया वृक्षाच्या बिया विष्ठेतून पूरमैदानात पसरवतात. हे वर्णन मला सर्वांत जिवंत वाटते, पण व्याख्या म्हणून ते सैल आहे, कारण प्रवाह अडवणारा वीस-पंचवीस किलोंचा बीव्हरही त्यात शिरतो.

डायनासोरांविषयी लिहायचे असेल, तर तिन्हींत जपून पावले टाकावीत. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला सापडलेला इसिसॉरस हजार किलोंच्या कितीतरी पुढचा होता, पण ओवेन-स्मिथ यांची व्याख्या सस्तन प्राण्यांसाठी आहे आणि तिचे आधारही त्यांच्याच शरीररचनेचे आहेत.

निवड करणाऱ्याने म्हणून आधी प्रश्न ठरवावा. धोक्यात असलेल्या जातींची मोजदाद करायची असल्यास 100 किलोंची रेषा घ्यावी. जंगलावर होणारा परिणाम सांगायचा असल्यास हजार किलोंची व्याख्या घेऊन कामाचे वर्णन सोबत जोडावे, आणि वजन नराचे, मादीचे की दोघांच्या सरासरीचे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. राधानगरी अभयारण्याच्या फलकावर गव्यासाठी ‘मोठा वनस्पतिभक्षी’ लिहिणे बरोबर ठरेल. ‘महाकाय’ हा शब्द दोडामार्गातल्याच तिलारीच्या हत्तींसाठी राखून ठेवावा.