मुरमाच्या जमिनीसाठी पेग: वाय आकाराचे, टायटॅनियमचे आणि साधे सहा इंची खिळे, काही महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळी उलटली की नाशिकच्या आसपासची जमीन भराभर वाळते. त्र्यंबक-हर्सूल भागातला मुरूम, निफाड-दिंडोरीकडची काळी माती आणि अंजनेरीसारख्या पठारांवर चार बोटं मातीखाली लागणारा कातळ, या तिन्हींपुढे तंबूसोबत मिळालेले पेग (तंबूच्या दोऱ्या जमिनीत ताणून धरणारे खुंटे) पहिल्याच मुक्कामात वाकतात. म्हणून तीन प्रकार हिवाळ्यापासून पहिल्या पावसापर्यंत आलटून पालटून वापरले: १८ सेंमीचे वाय आकाराचे, म्हणजे इंग्रजी Y सारखी तीन पाती असलेले अ‍ॅल्युमिनियम पेग (वजन १४ ग्रॅमच्या आसपास), ४ मिमी जाड आणि साडेसोळा सेंमी लांब टायटॅनियमचे खिळे (९ ते १० ग्रॅम), आणि हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारे सहा इंची लोखंडी खिळे (६ मिमी जाडीचा एक साधारण ३३ ग्रॅम). तंबू एका माणसाचा, ट्रेकिंगच्या दोन काठ्यांवर उभा राहणारा. त्याला ८ पेग लागतात आणि टोकाचा एक निघाला तरी तंबू अंगावर येतो. कमानीच्या दांड्यांवर स्वतःच उभा राहणारा तंबू असेल तर यातली निम्मी काळजी कमी होते.

निकाल आधीच सांगतो. एकाच प्रकारचे ८ पेग नेऊ नका. ६ टायटॅनियम खिळे, २ वाय पेग, १ लोखंडी खिळा आणि २ मिमीची ८ मीटर दोरी, हा संच १४० ग्रॅमच्या आत बसतो. आठही वाय घेतले तर ११२ ग्रॅम, आठही लोखंडी खिळे घेतले तर २६४. वरच्या २५-३० ग्रॅमच्या बदल्यात आपल्याकडच्या जवळपास कुठल्याही जमिनीवर तंबू ताणून उभा राहतो, आणि हा सौदा मला पूर्ण पटला आहे.

कारण समजून घेतलं तर वापर सोपा जातो. पेग अडतो तो बहुतेक वेळा कडक मातीमुळे नाही, मातीतल्या दगडामुळे. मुरूम म्हणजे झिजून भुगा होत चाललेला बेसाल्ट. त्यात बोराएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत न झिजलेले तुकडे तसेच राहिलेले असतात. बारीक खिळा त्यांच्या फटींतून वाट काढतो. वाय पेगच्या तीन पात्यांना मात्र तीनही बाजूंनी रिकामी जागा हवी. तो ५-६ सेंमी जातो, थांबतो, आणि आपण जोर वाढवला की दोरीच्या खाचेपाशी मुडपतो. अ‍ॅल्युमिनियमचा पेग एकदा तिथे मुडपला की सरळ करताना भेग पडते. मऊ जमिनीत हीच पाती उपयोगी पडतात, कारण मातीला धरायला पृष्ठभाग जास्त मिळतो. मुरमात मात्र १२ सेंमी आत गेलेला बारीक खिळा हा ५ सेंमीवर अडकलेल्या वाय पेगपेक्षा कितीतरी घट्ट बसतो.

ठोकायची पद्धत अशी. आधी लोखंडी खिळ्याने भोक पाडायचं, तो काढायचा आणि त्याच भोकात टायटॅनियमचा खिळा घालून शेवटचे ४-५ सेंमी ठोकायचे. पूर्ण खोलीचं भोक पाडू नका. खिळा सैल बसतो, कारण लोखंडी खिळा जाड आहे. घाव हलके आणि भरपूर घालायचे, आणि ठोकताना कान द्यायचा. माती किंवा भुग्यातून जाताना आवाज बद्द येतो आणि प्रत्येक घावाला खिळा थोडा तरी सरकतो. दगड लागला की आवाज टणटणीत होतो आणि हाताला झिणझिण्या येतात. तिथे आणखी एक-दोन घाव घालून बघा. तरीही हलला नाही तर काढा आणि दोन-तीन बोटं बाजूला पुन्हा सुरू करा. दगडाशी हुज्जत घातली तरच खिळे वाकतात.

ठोकायला वेगळी हातोडी नेण्यात अर्थ नाही. जागेवरचा दगड पुरतो, फक्त तो निवडून घ्या. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला तपकिरी दगड हातात फुटतो आणि कपच्या डोळ्याकडे उडतात. ताजा, काळा, जड, एका हातात मावणारा गोटा घ्या. बुटाने दाबून पेग घुसवायची सवय असेल तर ती सोडा: ४ मिमीचा खिळा हलक्या बुटाचा तळ भोसकतो, आणि तिरका दाब आला की पेग वाकतो.

पेग तंबूपासून बाहेरच्या बाजूला ४५ अंशांत कलता ठोकावा असा नियम सगळीकडे सांगतात. कडक जमिनीत तो पाळू नका. जवळपास उभा, फार तर १५-२० अंश बाहेर कललेला ठोका. उभा पेग तेवढ्याच लांबीत जास्त खोल जातो. आणि पेग पूर्ण गेला नाही तर दोरी डोक्याला अडकवू नका. क्लोव्ह हिच (दांडीभोवती दोन वेढ्यांची आवळणारी गाठ) मारून अगदी जमिनीलगत बांधा. वर राहिलेली ४ सेंमी दांडी तरफेचं काम करते आणि वाऱ्याच्या चार झटक्यांत भोक मोठं करते. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी असे झटके संध्याकाळी हमखास येतात.

लोखंडी खिळ्याचं डोकं लहान असल्याने दोरीचा फास निसटतो. ६ मिमीचा वायसर खिळ्यात घातला की हा प्रश्न संपतो. काँक्रीटचे कडक खिळे मात्र घेऊ नका. ते वाकत नाहीत, थेट तुटतात. टायटॅनियम वाकला तर सपाट दगडावर ठेवून हलके ठोकून सरळ होतो, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकला की तिथे भेग धरते. तो खिळा बाद समजा. छत्रीच्या मुठीसारखा वाकवलेला टायटॅनियमचा हूक (५-६ ग्रॅम) मुद्दामच संचात घेतलेला नाही: ताण आला की तो भोकात फिरतो आणि दोरी सुटते.

काळ्या मातीचं गणित वेगळं. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते. भेगेत पेग सहज जातो म्हणून मोह होतो, पण एका बाजूला पोकळी असल्याने तो धरत नाही. भेगेपासून वीतभर आत ठोका. भोकावर पाव-अर्धा लिटर पाणी ओतून पंधरा मिनिटं थांबलं तर काम हलकं होतं. गावाजवळ ठीक, डोंगरावर पिण्याचं पाणी यात घालवू नये. काळ्या मातीत पाणी जास्त झालं तर ती बुळबुळीत होते आणि पेग अलगद निघतो.

कातळावर पेग नकोच. तिथे ८ मीटर दोरीचे सव्वा-दीड मीटरचे तुकडे कामाला येतात. तंबूच्या फासाला दोरी बांधायची, दुसरं टोक बोटाएवढ्या काठीला किंवा मुठीएवढ्या दगडाला, आणि त्याच्या पुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, ८-१० किलोचा दगड दोरीवर ठेवायचा. ताण वाढला की लहान दगड मोठ्याला भिडून अडकतो. दोरी थेट मोठ्या दगडालाच बांधली तर धारेवर घासून तुटते. गडावर असाल तर तटबंदीतला किंवा पायऱ्यांचा दगड उचलू नका आणि टाक्याच्या काठावर खिळा ठोकू नका. मुक्कामाला परवानगी आहे का हे आधी विचारून घ्या.

काढतानाही नुकसान होतं. डोकं धरून आडवं हलवलं की खिळा वाकतो. डोक्याखाली दोरीचा फास घाला, फासात दुसरा पेग आडवा घालून मूठ करा आणि ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने सरळ ओढा. टायटॅनियमचा करडा रंग वाळलेल्या गवतात दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला भडक केशरी दोरीचा छोटा फास बांधून ठेवा आणि पिशवीत टाकताना मोजा. भाताच्या खाचरात राहिलेला खिळा बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातो.

जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की संच उलटा करायचा: ६ वाय, २ टायटॅनियम. इगतपुरीकडच्या भिजलेल्या मातीत बारीक खिळा हाताने घुसतो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. लोखंडी खिळा तेव्हा घरी ठेवला तरी चालतो, दोरी मात्र बारा महिने सोबत असू द्या.