दहा महिने रोजच्या कामात: डी-२ पात्याचा घडीचा चाकू

आधी चाकू कसा आहे ते. पातं साडेआठ सेंटिमीटर, पाठीकडे जाडी ३ मिमी, पोलाद डी-२, मूठ जी-१० ची (काचतंतू आणि रेझिनचा कडक थर), कुलूप लायनर लॉक (मुठीतली धातूची पट्टी, म्हणजे लायनर, उघडल्यावर पात्याच्या मुठीकडच्या टोकाला, म्हणजे टाचेला, अडते), सांध्यात फॉस्फर ब्राँझचे वॉशर. कंपनीचं नाव देत नाही. याच घडणीचे चाकू डझनभर नावांनी विकले जातात आणि खाली लिहिलेलं त्या सगळ्यांना लागू पडेल. वापर सप्टेंबर ते जून: आठवड्यातले पाच दिवस सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगवर, उरलेले दोन दिवस सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत. म्हणजे पुठ्ठा, पीपी पट्टी (खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी), सुतळी, गोणपाट एकीकडे आणि ठिबकच्या नळ्या, खताच्या पिशव्या, फळं दुसरीकडे.

डी-२ हे मुळात डाय, म्हणजे साचे, बनवायचं पोलाद. टूलरूमवाले त्याला एचसीएचसी (हाय कार्बन, हाय क्रोमियम) म्हणतात. कार्बन साधारण दीड टक्का, क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडचे कडक कण होतात. पुठ्ठ्यावर धार टिकते ती या कणांमुळे. पुठ्ठ्याच्या कागदात बारीक कच असते, साध्या स्टेनलेसची धार त्यावर दोन-तीन दिवसांत घसरते. या पात्यानं पाच प्लायची खोकी रोज उघडून आणि कापून तीन आठवडे तरी काढले. तिसऱ्या आठवड्यात कागद कापताना फाटायला लागतो, पण सुतळी तेव्हाही एका ओढीत तुटते. धार थोडी खरबरीत ठेवली तर सुतळीला आणि गोणपाटाला उलट जास्त चांगली चालते.

याच कार्बाइडमुळे धार ठिसूळही होते. खोक्याच्या पिनेवर पातं गेलं की साधं पोलाद वाकतं, हे पोलाद कपरीसारखं उडतं. दहा महिन्यांत टोकाजवळ दोन कपऱ्या गेल्या, दोन्ही पिनेवर. म्हणून पिनांची बाजू आधी पाहायची आणि झाकण चिकटपट्टीच्या रेषेतून उघडायचं. टोक आत खुपसायचं नाही, पात्याचं पोट टेकवून ओढायचं. आतल्या टॉवेललाही त्यानं काप जात नाही. ताणलेली पीपी पट्टी कापताना पातं पट्टीखाली आडवं सरकवायचं, धार अंगापासून लांब वळवायची आणि पट्टीचं टोक दुसऱ्या हातानं दाबून धरायचं. तुटलेली पट्टी उसळून सरळ डोळ्याकडे येते.

धार लावायला साधा दगड पुरत नाही, कार्बाइडचे कण त्याला दाद देत नाहीत. ४०० आणि १००० ग्रिटच्या डायमंड प्लेटा घ्याव्यात. कोन दर बाजूला २० अंश. पातं २४ मिमी रुंद असेल तर पाठ प्लेटपासून सुमारे ८ मिमी वर राहते, एवढं माप डोळ्यात बसवलं की कोनमापक लागत नाही. एका बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला टाचेपासून टोकापर्यंत बर (धारेवर वळून आलेली बारीक खरखरीत कड) हाताला लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. शेवटी दाब कमी करत एकाआड एक घासा आणि चामड्याच्या पट्ट्यावर, न्हावी वस्तरा फिरवायचे तसा, उलट्या दिशेनं दहा-बारा वेळा. बर राहिली तर चाकू घरी धारदार वाटतो आणि दुसऱ्या दिवशी दहाव्या खोक्याला बोथट होतो. बरेच लोक तेव्हा पोलादाला दोष देतात. सायकलवर साण घेऊन येणाऱ्याकडे हे पातं देऊ नये. कोरड्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात तापते. निळी झाक आली की तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, तो भाग घासून काढल्याशिवाय इलाज नाही.

आता सांधा, कारण माझ्या मते घडीच्या चाकूची खरी परीक्षा तिथे होते. टॉवेलच्या पॅकिंगमध्ये हवेत सतत सुती तूस असतं. ते मुठीच्या फटीतून आत जातं, तेलाला चिकटतं आणि लायनर जिथे पात्याच्या टाचेला टेकतो नेमकं तिथे त्याची गादी बनते. मग लायनर पूर्ण आत येत नाही. नुसत्या काठावर अडकतो, ‘टक’ असा आवाज बोदा होतो, आणि पाठीवर जोर आला की पातं बोटांवर मिटू शकतं. बागेतली काळी माती आणखी वाईट, ओली गेली की वाळून खड्यासारखी घट्ट होते. दर शनिवारी एवढं करायचं: चाकू उघडून जुन्या टूथब्रशनं फट झाडायची, कोमट साबणाच्या पाण्यात तीन-चार वेळा उघडझाप करायची, फडक्यानं पुसून तासभर उन्हात ठेवायचा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त तूस. खोबरेल सांध्यात घालू नका, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

पूर्ण खोलायची वेळ दहा महिन्यांत दोनदाच आली. सांध्याचा स्क्रू टी-८, मुठीचे टी-६ (चांदणीच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू). स्वस्त स्क्रूड्रायव्हरनं टी-६ चं डोकं पहिल्याच वेळी गुळगुळीत होतं, तेव्हा चांगला बिट घ्या. स्क्रू निघत नसेल तर सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर काही सेकंद टेकवा, थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांत लावलेला गोंद) सैल पडतो. जोडताना स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेऱ्याहून कमी मागे घ्यायचा: पातं डावी-उजवीकडे हलू नये, पण सहज उघडावं. बॉल बेअरिंगचे चाकू दुकानात फार मऊ उघडतात. धुळीत आणि तुसात मात्र वॉशरच बरे, पुसले की झालं.

लायनर टाचेवर किती आत आला आहे ते महिन्यातून एकदा बघा. नवा असताना तिसरा हिस्सा टेकला होता, आता निम्मा. समोरच्या बाजूच्या लायनरला जाऊन भिडू लागला की त्या चाकूवर जोराचं काम थांबवायचं.

गंजाबाबत डी-२ ला ‘जवळजवळ स्टेनलेस’ म्हणून विकतात. बागेसाठी ते ‘जवळजवळ’ महागात पडतं. क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकल्यामुळे गंज अडवायला मोकळं थोडंच उरतं. सप्टेंबरच्या पावसात ओल्या खिशात एक रात्र राहिला आणि पाठीवर तांबूस ठिपके आले. ते जुन्या चामड्यानं आणि तेलानं निघाले. १९:१९:१९ किंवा कॅल्शियम नायट्रेट या विद्राव्य खतांची पिशवी उघडून चाकू तसाच मिटला तर मात्र खड्डे पडतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि मिटलेल्या पात्यावर रात्रभर काम करतात. पिशवी उघडली की लगेच पाण्यानं धुवा, मगच घडी घाला.

सगळ्यात मोठी चूक तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाच्या काळात होते. छाटणीत एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या २.५ टक्के द्रावणात बुडवतात, ते बरोबर आहे. घडीचा चाकू त्यात बुडवू नका. सांध्यात शिरलेलं द्रावण निघत नाही आणि लायनर, स्क्रू, पातं तिन्ही खातं. छाटणीला कात्रीच वापरा. डाळिंबाच्या सालीनं पातं काळं पडतं, त्याला घाबरायचं कारण नाही. साल आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून रंगारी काळा रंग करतात, क्रिया तीच. फळ सोलायला हे ३ मिमीचं पातं जाडच आहे. भगवा जातीच्या डाळिंबाचा मुकुट चार-पाच मिमी खोल गोल कापून सालीवर उभ्या रेघा ओढायच्या आणि हातानं उकलायचं. आरपार कापलं तर दाणे चिरडतात.

ठिबकची १६ मिमीची नळी (लॅटरल) वरून दाबून कापू नये. नळी चपटी होते, काप तिरका जातो आणि दोन नळ्या जोडणारा जॉइनर गळतो. फळीवर ठेवून पात्याखाली नळी फिरवत कापली की तोंड सरळ, काटकोनात येतं. मे महिन्यात उन्हानं मऊ झालेली नळी सकाळीच कापावी.

मुठीबद्दल तक्रार नाही, घामानं निसरडी होत नाही. खिशाला अडकवायच्या क्लिपचे स्क्रू दोनदा ढिले झाले, निळ्या थ्रेडलॉकरनंतर थांबले.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तर चाकू कामाच्या ठिकाणीच ठेवा, खिशात घेऊन शहरात फिरू नका.

फक्त कोरडं पॅकिंगचं काम असेल तर डी-२ मी पुन्हा घेईन. बागेसाठी १४सी२८एन सारखं स्टेनलेस घेईन, धार थोडी लवकर लावावी लागली तरी. घेताना दुकानातच पातं उघडून टोक बोटांत धरून चारी बाजूंनी हलवून पाहा, लायनर टाचेवर कुठे टेकतो ते उजेडात बघा, आणि मिटल्यावर टोक मुठीबाहेर नखाला लागत नाही ना, ते तपासा.